निधी नेमका कोणाच्या हातात असतो? (डिसेंबर २०२५ चं हिवाळी अधिवेशन नागपुरात आहे म्हणून इथेच विचारतो)

रिंगरोड_पलीकडचा
अधिवेशन सुरू झालं म्हणजे आपल्याकडे आठवडाभर सिव्हिल लाइन्स बंद, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर मोर्चे अडवलेले आणि हॉटेलं फुल. ते जाऊ द्या. पहिल्याच दिवशी ७५ हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या (बजेटानंतरचा जादा खर्च) मांडल्या. मार्चमध्ये सात लाख कोटींचं बजेट मांडलं होतं, पावसाळी अधिवेशनात आणखी ५७ हजार कोटी झाले आणि आता हे. माझा प्रश्न साधा आहे, हे पैसे कोणत्या गावात कोणत्या वॉर्डात जाणार हे ठरवतं कोण? कारण आमचा ले-आउट गुंठेवारीतला, डेव्हलपमेंट चार्ज भरून वर्षं झाली, २०२२ च्या सुरुवातीला नालीच्या कामाचं पत्र हातात आलं, आम्ही पेढे वाटले, मग सरकार बदललं आणि काम स्थगित. नंतर स्थगिती उठली म्हणे, पण आमचं काम यादीत नाही, 'नव्याने प्रस्तावित करा' सांगतात. एका कार्यकर्त्याने तर तोंडावर सांगितलं की तुमच्या बूथवर आम्हाला किती पडली ते आधी पाहून घ्या. म्हणजे टॅक्स आम्ही भरायचा आणि नाली कोणाला द्यायची हे बूथची यादी ठरवणार?

बाप्पा_रे
हाव ना भाऊ, पण हे आजचं नाही. २०१९ च्या शेवटी मविआ आली तेव्हा तुमी कुठं होते? तेव्हा पालकमंत्री उत्तर नागपूरचे नितीन राऊत, अर्थखातं बारामतीकडे, आणि आमच्याकडले सगळे ओरडून राहिले होते का नागपूरचा निधी थांबवला म्हणून. आता उलटं झालं तर तिकडचे ओरडून राहिले. ज्याच्या हातात काठी त्याची म्हैस, यात नवीन काय आहे बाप्पा.

रिंगरोड_पलीकडचा
नवीन हे आहे की आधी लपून करायचे, आता माइकवर सांगतात. यंदा फेब्रुवारीत नितेश राणेंनी सिंधुदुर्गात सांगितलं की मविआच्या सरपंचांना निधी नाही. नोव्हेंबरमध्ये माळेगावच्या प्रचारात अजित पवार म्हणाले की मतं तुमच्याकडे, निधी माझ्याकडे, तुम्ही काट मारली तर मीही मारीन. अर्थमंत्री हे बोलतो आणि टीव्हीवर दोन दिवस चर्चा होऊन विषय संपतो.

पुणेकर_मिहानवाला
माफ करा, पण नागपूरने निधीवर रडावं हे जरा जास्त वाटतं. मुख्यमंत्री तुमचे, गडकरी तुमचे, मेट्रो झाली, एम्स झालं, समृद्धीचे ७०१ किलोमीटर झाले. आमच्या पुण्यात रिंगरोडची भूसंपादनाचीच गोष्ट किती वर्षं चालू आहे. विदर्भावर अन्याय हे रेकॉर्ड आता बंद करायला हरकत नाही.

चामोर्शी_रोड
पुणेकर साहेब, नागपूर म्हणजे विदर्भ नाही एवढं लक्षात ठेवा. गडचिरोलीत या, भामरागडचा पर्लकोटा नदीचा पूर पाहा, दरवर्षी गावं तुटतात. आमचे पालकमंत्री स्वतः मुख्यमंत्री आहेत, चांगली गोष्ट आहे, खाणी आणि पोलादाच्या बातम्या रोज येतात, पण मुख्यमंत्री पालकमंत्री असल्याशिवाय जिल्ह्याकडे कोणी पाहत नसेल तर उद्या ते नसतील तेव्हा काय? नागपूरवाल्यांनी मुंबईला शिव्या द्यायच्या आणि आम्ही नागपूरला, ही उतरंड आहे.

लेखा_बाबू_निवृत्त
धागा चांगला आहे पण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. नोकरी हिशोबाच्या टेबलावर गेली म्हणून थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

लोक आमदार निधीवर तुटून पडतात, तो आधी बाजूला ठेवा. वर्षाला ५ कोटी, विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ धरले तर १,८३० कोटी. सात लाख कोटींत हे पाव टक्क्याच्या आसपास. आणि तो सत्ताधारी-विरोधक सगळ्यांना सारखा, त्यात राजकारण असलंच तर कोणत्या गल्लीत टाकायचा एवढंच. खासदार निधी १९९३ पासून आहे, तोही ५ कोटी, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये वैध ठरवला.

दुसरा भाग जिल्हा नियोजन समितीचा. जिल्ह्याला किती मिळायचं याला सूत्र आहे, लोकसंख्या, क्षेत्रफळ, मानव विकास निर्देशांक वगैरे. पण सूत्र जिल्ह्याच्या दारापर्यंत येतं, आत शिरलं की पालकमंत्री. आणि सूत्राच्या वर 'अतिरिक्त मागणी' म्हणून जे वाढवून मिळतं ते अर्थमंत्र्यांसोबतच्या राज्यस्तरीय बैठकीत ठरतं, तिथे ज्याचं वजन जास्त त्याच्या जिल्ह्याचा आकडा फुगतो.

तिसरा भाग खरा. ऐच्छिक लेखाशीर्षं, म्हणजे हिशोबातली अशी खाती ज्यांचा पैसा मंत्र्याच्या मर्जीवर. ग्रामीण भागात कोणत्याही सरपंचाला '२५१५' (त्यातल्याच एका लेखाशीर्षाचा नंबर) म्हणा, डोळे चमकतील. गावातले रस्ते, नाल्या, सभामंडप, पेव्हिंग ब्लॉक. याला ना लोकसंख्या लागते ना अनुशेष, आमदाराचं लेटरहेड, मंत्र्याचा शेरा आणि शासन निर्णयाला जोडलेली यादी. शहरांसाठी नगरविकासचं तसंच, पालिकांना 'वैशिष्ट्यपूर्ण योजना' आणि महापालिकांना मूलभूत सुविधांसाठी विशेष निधी. विरोधकांच्या मतदारसंघात हे शून्य केलं तरी कोणताच नियम मोडत नाही, कारण मोडायला नियमच नाही. कोर्टात गेलात तर कोर्ट धोरणात्मक बाब म्हणून हात आखडता घेतं, फार तर आधी मंजूर झालेलं काम कारण न देता का थांबवलं एवढं विचारतं.

छोटा_ठेकेदार
बाबूजींनी टोकन तरतुदीचं लिहिलं नाही ते मी लिहितो. पुरवणी मागणीत किंवा बजेटात काम 'लागलं' म्हणजे बांधकाम खात्याच्या व्हाइट बुकात नाव आलं. रस्ता दोन कोटींचा असतो आणि समोर तरतूद चिल्लर, बस काम जिवंत राहावं एवढी. आमदार साहेब नारळ फोडतात, बोर्ड लागते, पेपरात फोटो, आम्ही टेंडर भरतो २० टक्के बिलो (अंदाजित रकमेपेक्षा कमी) मारून कारण धंदा चालू ठेवायचा आहे, काम करतो, एमबी (मोजमाप पुस्तिका) लिहून होते, बिल जमा होते आणि मग सुरू होते वाट पाहणं. पैसे येतात ते थेंबथेंब, समजा डिव्हिजनमध्ये दहा कोटींची बिलं पडली आहेत आणि आले ऐंशी लाख, तर ते ऐंशी लाख कोणाला द्यायचे? वरून फोन येतो. तो फोन म्हणजेच निधीवाटप, बाकी सगळं कागद. यंदा राज्यभर ठेकेदार संघटनांनी आंदोलनं केली, जवळपास ९० हजार कोटी थकल्याचा त्यांचा दावा आहे. सरकार आकडा मान्य करत नसेल, पण माझं स्वतःचं थकलेलं आहे ते मला माहीत आहे.

बाप्पा_रे
मंग वीस टक्के बिलो काहून भरता बे? त्यातच तर रोड वाहून जातो.

छोटा_ठेकेदार
नाही भरलं तर शेजारचा भरतो. आणि वर द्यायचे वेगळे असतात ते इथं लिहीत नाही.

उत्तर_नागपूरची_ताई
मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे जी आमच्या वस्तीसाठी रस्त्यापेक्षा मोठी आहे. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला ठेवायचा असतो. तो कागदावर ठेवतात आणि मग दुसरीकडे वळवतात. यंदा मे महिन्यात सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट स्वतः जाहीरपणे चिडले की त्यांच्या खात्याचा पैसा लाडकी बहीणसाठी वळवला, खातं बंद करा म्हणाले. सत्तेतला मंत्री आहे हो हा, विरोधक नाही. इकडे वसतिगृहातल्या पोरांचे भत्ते आणि स्कॉलरशिप लटकलेल्या. मी लाडकी बहीणच्या विरोधात नाही, माझ्या बहिणीलाच पंधराशे मिळतात, पण एका गरिबाच्या ताटातून काढून दुसऱ्या गरिबाला देण्यात कसलं मोठेपण. कर्नाटकाने २०१३ मध्ये कायदा केला, आंध्रानेही त्याच वर्षी केला, की हा पैसा त्याच समाजांवर खर्च झाला पाहिजे. तो कायदा पण वाकवतात म्हणा, कर्नाटकात गॅरंटी योजनांना तोच पैसा वापरल्यावरून मोठा वाद झाला. पण निदान भांडायला कलम तरी आहे. महाराष्ट्रात तेही नाही.

पुणेकर_मिहानवाला
ताई, हा मुद्दा पटला. पण मग उपाय काय, ऐच्छिक निधीच बंद करायचा? फिलिपिन्समध्ये खासदारांच्या अशाच निधीचा मोठा घोटाळा निघाला आणि २०१३ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला.

लेखा_बाबू_निवृत्त
बंद केला की पैसा नाहीसा होत नाही, फक्त वरच्या मजल्यावर जातो. नितीशकुमारांनी २०१० मध्ये बिहारात आमदार निधी बंद केला तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. त्या जागी जी योजना आली तिच्या नावातच मुख्यमंत्री होतं. आमदाराने शिफारस करायची आणि मंजुरी अधिकाऱ्यांकडून, म्हणजे सरकारकडूनच. निधीचा हक्क गेला आणि विनंती आली.

चामोर्शी_रोड
यासाठीच तर वैधानिक विकास मंडळं होती ना. कोणी नावच काढत नाही आता.

लेखा_बाबू_निवृत्त
काढतो. तरुण मंडळींसाठी थोडक्यात. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, विदर्भाने महाराष्ट्रात यायचा, त्यात लिहिलं होतं की निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळेल. आज नागपुरात अधिवेशन भरतं ते त्याच करारामुळे, म्हणजे करारातलं ताफ्यांचं कलम तेवढं इमानदारीने पाळलं जातं. १९५६ मध्ये घटनेत या विकास मंडळांचं कलम ३७१(२) आलं, पण मंडळं व्हायला १९९४ उजाडलं. मधे दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, सुमारे ३,१८७ कोटी, त्यातला ३९ टक्के विदर्भाचा. मंडळं आल्यावर राज्यपालांना निधीवाटपाचे निर्देश देण्याचा अधिकार मिळाला आणि २००० नंतर सिंचनाच्या पैशाबाबत त्यांनी ते खरोखर दिले. मंत्रालयात त्यावर दात-ओठ खायचे लोक, कारण अर्थमंत्र्याच्या हातावर कोणीतरी हात ठेवला होता. मग प्रादेशिक असमतोलावर केळकर समिती आली, २०१३ मध्ये अहवाल दिला, २०१४ च्या हिवाळी अधिवेशनात मांडला, आणि तिथून पुढे तो कपाटात आहे.

मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मार्च २०२१ मध्ये सभागृहात मागणी झाली तेव्हा अजित पवारांनी सांगितलं की राज्यपालांनी १२ आमदारांची नावं जाहीर केली की दुसऱ्या दिवशी मंडळं जाहीर करू. म्हणजे विदर्भ-मराठवाड्याचा घटनात्मक हक्क बारा विधान परिषदेच्या खुर्च्यांना बांधला. हे मविआ सरकार होतं. मग शिंदे सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये मंडळं पुन्हा आणायचा निर्णय घेतला, केंद्रात यांचंच सरकार, तीन वर्षं झाली, मंडळं नाहीत. बाप्पा_रे, यात तुमची काठी आणि म्हैस कोणती ते सांगा.

बाप्पा_रे
बाबूजी, म्हैस दोघांनीही विकून खाल्ली असं दिसून राह्यलं 😄 पण एक सांगा, मंडळं होती तेव्हा तरी गोसीखुर्द झालं का? १९८८ मध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केलं, ३७२ कोटींचा प्रकल्प, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प केला, आता २५ हजार कोटींच्या वर गेला. पैसा आला नाही असं नाही, आला आणि जिरला.

लेखा_बाबू_निवृत्त
बरोबर आहे तुमचं. निर्देशांनी पैसा आणता येतो, पाणी नाही आणता येत.

रिंगरोड_पलीकडचा
मला एक सांगा, माझ्या पत्राचं काय? मंजुरीचं पत्र हातात असताना काम गायब कसं होतं?

लेखा_बाबू_निवृत्त
२०२२ च्या जुलैत नव्या सरकारने १ एप्रिल २०२१ नंतर मंजूर झालेली पण सुरू न झालेली कामं थांबवली होती. त्यावर हायकोर्टात याचिका झाल्या, काही कामं सुटली. तुमचं त्यात होतं का हे पाहायला पत्रावर 'खर्च खालील लेखाशीर्षाखाली भागवावा' असं वाक्य शोधा, बहुतेक शेवटच्या परिच्छेदात असतं, खाली लांबलचक आकडा असतो. ते वाक्य नसेल आणि 'तपासून उचित कार्यवाही करावी' असं असेल तर ती मंजुरी नाही, आमदाराच्या शिफारशीला दिलेली पोच आहे. अशा पोचपत्रांवर मी कितीतरी ले-आउटांत पेढे वाटलेले पाहिले आहेत.

रिंगरोड_पलीकडचा
उचित कार्यवाही.

छोटा_ठेकेदार
झालं मग.

उत्तर_नागपूरची_ताई
आणि हे सगळं विचारायला नगरसेवक पण नाही. मार्च २०२२ पासून आज डिसेंबर २०२५ पर्यंत महापालिकेत प्रशासक. जिल्हा नियोजन समितीचे पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि पालिकांच्या निवडून आलेल्या लोकांमधून यायला पाहिजेत, तेच नाहीत तर समितीत उरलं कोण? पालकमंत्री, आमदार, खासदार, अधिकारी. परत वित्त आयोगाचा पैसा निवडून आलेली बॉडी नाही म्हणून अडकतो. निवडणूक घ्यायची नाही, घेतली नाही म्हणून केंद्राचा निधी नाही, निधी नाही म्हणून लोकांनी आमदाराकडे जायचं. आमदाराला अजून काय पाहिजे.

बाप्पा_रे
ताई, नगरसेवक होते तेव्हा कोणतं सोनं लागलं होतं. सगळे सिमेंट रोडच्या मागे. रोड एवढा उंच केला का घरं खाली गेली, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी आलं तेव्हा लोकांचे फ्रिज तरंगत होते.

उत्तर_नागपूरची_ताई
तेच तर म्हणते, नालीवर कोणाचा बोर्ड दिसत नाही, रोडवर दिसतो. मार्चच्या आत पैसा संपवायचा तर सिमेंट ओतणं सगळ्यात सोपं. नागपूरची ड्रेनेज लाइन किती जुनी आहे ते पाहा आणि दहा वर्षांत किती किलोमीटर सिमेंट ओतलं ते पाहा. त्यात पक्षबिक्ष नंतर येतो, दिसणारं काम आधी येतं.

पुणेकर_मिहानवाला
यादी सार्वजनिक असते का पण? कोणत्या मतदारसंघात २५१५ चे किती गेले, विशेष निधीचे किती गेले हे कोणी मांडलंय का? आपण सगळे अंदाजावर भांडतोय. नागपूर शहरात सहापैकी पश्चिम आणि उत्तर काँग्रेसकडे आहेत, बाकी चार भाजपकडे. सहाही मतदारसंघ एकाच महापालिकेत आहेत, तुलना करायला यापेक्षा सोपं शहर कुठलं?

लेखा_बाबू_निवृत्त
हा पुण्याचा माणूस कामाचं बोलला. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर याद्या असतात, निर्णयाला प्रपत्र जोडलेलं असतं, त्यात तालुका, गाव, कामाचं नाव, रक्कम. सुचवणाऱ्याचं नाव नसतं, पण गावावरून कळतं. एक अडचण, बरेच कागद स्कॅन केलेले असतात, सर्च होत नाही, डोळ्यांनी वाचावं लागतं. आणि मंजूर रक्कम म्हणजे मिळालेली रक्कम नाही, ठेकेदार साहेबांनी वर सांगितलंच आहे. मिळालेल्या रकमेसाठी माहिती अधिकारात वितरण आदेश मागा, 'किती निधी दिला' असं मोघम विचारू नका, 'अमुक लेखाशीर्षाखाली अमुक वर्षात बीडीएसवर वितरित झालेल्या रकमांचे आदेश, कामनिहाय' असं लिहा, बीडीएस म्हणजे निधी वितरणाची सरकारी ऑनलाइन प्रणाली. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर द्यायला आम्हाला शिकवलेलंच असतं.

चामोर्शी_रोड
खनिज निधी पण घ्या. जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या कायद्याने आलं, खाणीच्या गावांसाठीचा पैसा आहे तो, आणि जातो जिल्ह्याच्या ठिकाणी. नागपुरात सावनेर, उमरेड, पारशिवनीच्या कोळसा-मँगनीजचा येतो, आमच्याकडे सुरजागडचा.

छोटा_ठेकेदार
खनिजची यादी माझ्याकडे आहे एका वर्षाची, खाणीपासून चाळीस किलोमीटरवर जिम बसवलेली दाखवतो.

उत्तर_नागपूरची_ताई
मग वाटून घेऊ. मी नगरविकासचे शासन निर्णय घेते, २०२० पासून, म्हणजे दोन्ही सरकारं येतील आणि बाप्पांना बोलायला जागा राहणार नाही. एक्सेल शीट बनवते, कॉलम: तारीख, लेखाशीर्ष, मतदारसंघ, रक्कम, आमदाराचा पक्ष त्या दिवशीचा. त्या दिवशीचा लिहिणं महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडे निधीसाठी पक्ष बदललेले बरेच आहेत.

बाप्पा_रे
२०१४ पासून घ्या ना मंग. मले काय भेव आहे.

उत्तर_नागपूरची_ताई
२०१४ चे तुम्ही वाचा. स्कॅन आहेत, चष्मा लावून बसा.

बाप्पा_रे
बरं. २०१४ ते १९ माझ्याकडे. २५१५ कोणी ग्रामीणवाल्याने घ्या, मले त्यातलं समजत नाही.

छोटा_ठेकेदार
उमरेड, कुही, भिवापूर मी घेतो. कामठी-मौद्याला कोणी आहे का?